बर्फघराचं आतलं दार

१

बर्फघराला दोन दारं होती, आणि ती दोन्ही एकाच वेळी उघडायची नाहीत असा नियम होता. एकोणचाळीस वर्षं मी तो पाळला. माझ्या आधी हे काम माझे सासरे बघायचे. त्यांनीही पाळला.

मोठ्या घराच्या मागे लिंडनच्या झाडांखाली मातीचा उंचवटा होता. नवख्याला ते टेकाड वाटायचं. उत्तरेच्या अंगाला बुटकं दार. आत शिरून ते लावून घेतलं की सात पावलांचा बोळ, मग दुसरं दार, आणि त्यामागे विटांनी बांधलेली, विहिरीसारखी खोल खोली. हिवाळ्यात तळ्यावरचं बर्फ फोडून आम्ही तिच्यात भरायचो, लाकडी मोगरीनं ठेचून त्याचा एकच गोळा करायचो, वर पेंढा पसरायचो. मोठ्या घरातलं दूध, मासळी, मालकांच्या पाहुण्यांची गोठवलेली मलई, सगळं उन्हाळाभर त्या बर्फावर चालायचं.

उन्हाळ्यात दोन्ही दारं एकदम उघडली की गरम हवा सरळ आत जाते. एका सकाळच्या निष्काळजीपणानं आठवड्याचं बर्फ पाणी होतं. दारांच्या फळ्यांमध्ये पेंढा ठासलेला असल्यामुळे हाक पलीकडे पोचत नाही. ठोका पोचतो. म्हणून आम्ही ठोक्यांनी बोलायचो. आतल्याला बाहेर यायचं असेल तर त्यानं आतल्या दारावर तीन ठोके मारायचे. बोळातल्यानं बाहेरचं दार बंद असल्याची खात्री करून एक ठोका द्यायचा. मगच आतलं दार उघडायचं. उत्तर आल्याशिवाय उघडायचं नाही. पाय बधिर झाले तरी नाही.

नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचो. जो एकदा चुकला त्याला दुसऱ्यांदा घेतला नाही.

२

जुलैच्या मध्यावर माझी मुलगी बोदिल विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. तेवीस वर्षांची होती. मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिची आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घरात मी आणि ती, दोघंच.

फोबोर्गहून डॉक्टर आले. त्यांनी तिचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, हात धुतले.

"बर्फ आहे ना तुमच्याकडे?"

"आहे."

"डोक्यावर आणि पोटावर ठेवत राहा. दिवसरात्र. संपू द्यायचं नाही."

"आणि औषध?"

"हेच औषध. माझ्या पेटीत याहून मोठं काही नाही."

त्या वर्षी आमच्या भागात बर्फ फक्त माझ्याकडे होतं. हिवाळा पाणचट गेला होता. तळं धड गोठलंच नाही. शेजारच्या दोन्ही मोठ्या घरांची बर्फघरं रिकामी राहिली. फेब्रुवारीत चार दिवस कडक थंडी पडली तेव्हा मी माणसं घेऊन दलदलीकडे गेलो. तिथे जळणाची माती काढून झालेले जुने खड्डे आहेत. पाणी उथळ, त्यामुळे आधी गोठतं. बर्फ काळसर निघालं, पण कामाचं होतं. मी ते भरलं. लोक हसले. जुलैत हसत नव्हते.

बर्फ किती उरलं ते आम्ही शिडीवरून ओळखायचो. शिडी भिंतीला कायमची ठोकलेली. भर हिवाळ्यात बर्फ उंबऱ्याला लागतं, एकही पायरी दिसत नाही. त्या वर्षी सुरुवातच पाच पायऱ्या खालून झाली होती. जूनअखेर सेंट हान्सच्या सणाच्या शेकोट्या पेटल्या त्या दिवशी मी सात पायऱ्या उतरलो. बोदिल आजारी पडल्यावर रोज दोन टोपल्या निघू लागल्या. या हिशेबानं ऑगस्टच्या आधी दहावी पायरी उघडी पडायला हवी होती.

आठवड्यानं मी उतरलो आणि सातव्या पायरीवरच पाय बर्फाला लागला.

मी मोजण्यात चुकलो असेन, असं धरलं. दुसऱ्या दिवशी मोठ्यानं मोजलं. सहा.

३

त्या दिवशी मी एकटाच होतो. बर्फ काढायला सकाळी सहाला जातो, ऊन चढायच्या आत. बाहेरचं दार लावलं. कंदील खाली ठेवला. आतल्या दाराच्या कडीला हात घालणार, तोच आतून तीन ठोके आले.

ना घाईचे, ना जोराचे. बाहेर यायचंय, दार लावलंय का, असे.

माझ्या हातानं एक ठोका दिला.

हे मी केलं असं म्हणवत नाही. एकोणचाळीस वर्षं तीन ऐकले की एक द्यायचा, हातानं तेवढंच केलं. दिल्यावर मला कळलं, की आत कुणी असायचं कारण नाही. किल्ली माझ्या कमरेला होती आणि दुसरी किल्ली नव्हती.

दार उघडलं नाही. मीही बराच वेळ उघडलं नाही. मग बोदिलची आठवण झाली आणि उघडलं. आत थंडी, पेंढा, शिडी. कुणी नाही.

बर्फ तडकतं. रात्रीची थंडी आणि दिवसाचा उकाडा यांत त्याचे आवाज होतात, बंदुकीसारखेसुद्धा. मी स्वतःला तेच सांगितलं. पण तडकणारं बर्फ उत्तराची वाट बघत नाही, आणि त्या तीन ठोक्यांनंतरची शांतता वाट बघणाऱ्याची होती.

टोपली भरून मी निघालो. उतरताना सहा पायऱ्या होत्या, चढताना पाचच भरल्या.

४

एस्बेन हा बागेतला गडी. सव्वीस वर्षांचा. नोव्हेंबरात त्याचं आणि बोदिलचं लग्न ठरलं होतं. मला तो पसंत नव्हता. फार बोलायचा, आणि काम करताना शीळ वाजवायचा. पण कामात चुकत नव्हता. नियम एकदाच सांगावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला बोळात उभं राहायला सांगितलं.

"का हो काका? इतकी वर्षं एकटे जाता."

"सांगितलं तेवढं कर."

"गुडघे दुखतात म्हणा ना. मी कुणाला सांगणार नाही. फार तर फ्रान्सेनबाईंना सांगेन, म्हणजे गावात दवंडी पिटायला नको."

फ्रान्सेनबाई म्हणजे मोठ्या घराची स्वयंपाकीण. मी हसलो नाही.

आत गेलो. चार पायऱ्या उतरलो. पेंढा सारला, कुदळीनं बर्फ फोडलं. तळाला वितळलेलं पाणी जायला नळ आहे, त्याची गुळगुळ उन्हाळाभर ऐकू येते. ती बंद होती. टोपली भरून वर आलो आणि दारावर तीन ठोके मारले. पलीकडून एक आला. मी बाहेर पडलो आणि दार लावलं.

एस्बेननं टोपलीचा दुसरा कान धरला.

"एवढी घाई कशाची होती?"

"कसली घाई?"

"सहा ठोके मारलेत. मी पहिल्या तिनालाच हात उचलला होता. जरा दम धरायचा."

"मी तीनच मारले."

"बरं, तीन," तो म्हणाला. "वयाप्रमाणे मोजणं कमी होतं म्हणतात."

मी त्याला काही सांगितलं नाही. त्या दाराशी मी उभा होतो. कंदील माझ्या हातात होता. माझ्या शेजारी कुणी दारावर हात आपटला असता तर मला दिसलं असतं, निदान ऐकू आलं असतं. मला फक्त माझे तीन ऐकू आले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मग तो हसला असता, आणि स्वयंपाकघरात गोष्ट झाली असती, आणि मालकांनी दार बंद करायला लावलं असतं. त्या दिवशी बोदिलनं मला ओळखलं नव्हतं. मला बर्फ हवं होतं.

५

पाच दिवस मी बोळात उभा राहिलो आणि एस्बेन आत गेला. शिडी त्याच्या पायांना सोपी होती, हे कारण मी दिलं. त्यानं ते मान्य केलं आणि वर दोन टोमणे मारले. खरं कारण असं, की मला आत जायचं नव्हतं.

पहिले चार दिवस ठोके तीनच आले. मी एक द्यायचो. तो शीळ वाजवत बाहेर यायचा.

"आज दोन पायऱ्याच उतरलो," चौथ्या दिवशी तो म्हणाला. "काका, हे बर्फ आपण काढतोय की भरतोय?"

"खालून पाणी गोठत असेल. नळ तुंबलाय."

"ऑगस्टात?"

"तुला काय करायचंय? आहे ते बरंच आहे."

"मला काही नाही. बोदिलला पुरतंय ना, मग उंबऱ्याबाहेर आलं तरी चालेल."

पाचव्या दिवशी पहाटेच डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी मला दाराबाहेर बोलावलं. म्हणाले, आजचा दिवस. ताप दुपारपर्यंत उतरला तर पोरगी राहील. रात्रीचं बर्फ संपत आलं होतं. तिच्या ओठांवर काळी खपली धरली होती आणि ती चादरीवरचं काहीतरी बोटांनी वेचत होती. फ्रान्सेनबाईंना तिच्यापाशी बसवून मी निघालो.

एस्बेन लिंडनखाली थांबला होता. त्या दिवशी शीळ नव्हती.

"कशी आहे?"

"बर्फ पाहिजे."

"चला."

दाराशी तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "काका, आत कधी तुम्हाला असं वाटलंय का..." मग मान हलवली. "जाऊ दे. बाहेर आल्यावर बोलू. तुम्ही हसाल."

मी त्याला बोलू द्यायला हवं होतं. मी म्हणालो, "ऊन चढतंय."

६

बोळात मी आणि कंदील. आतलं दार लागलं. कुदळीचे आवाज येत होते, पेंढ्यातून गाळून आल्यासारखे मऊ. मी ते ऐकत होतो. ऐकताना बरं वाटत होतं, कारण तो माणसाच्या कामाचा आवाज होता.

मग ते थांबले.

टोपली भरायला लागतो त्याहून जास्त वेळ गेला. मी दाराला कान लावला. लाकूड इतकं गार होतं की कानाची पाळी चिकटली. सोडवून घेतली.

तीन ठोके आले. छातीच्या उंचीवर. मी हात उचलला.

लगेच आणखी तीन आले. हे खाली, उंबऱ्याजवळ.

मी हात तसाच धरून ठेवला. एस्बेन थट्टेखोर होता. माणसाला दोन हात असतात. एकानं वर, एकानं वाकून खाली, म्हाताऱ्याची गंमत करायला. पण बोदिलच्या त्या सकाळी तो गंमत करणार नाही, एवढं मला त्याच्याबद्दल ठाऊक होतं.

पुन्हा तीन. या वेळी वरचे आणि खालचे एकदम पडले.

मी उत्तर दिलं नाही. पलीकडे दोघं थांबले. मी "दोघं" म्हणतो, कारण थांबणं दोन जणांचं होतं. दार ढकललं तर उघडणारं होतं. एस्बेननं ते ढकललं नाही. मीच शिकवलं होतं.

मी उभा राहिलो. कंदिलातली मेणबत्ती खाली गेली. घरी बर्फाचं पाणी झालं असेल, आणि ते पाणीही आता कोमट झालं असेल, असं माझ्या मनात आलं. मी एक ठोका दिला.

दार दोन वितींएवढं उघडलं. फटीतून आधी टोपली पुढे आली. काठोकाठ भरलेली. एका कानावर एस्बेनचा हात होता. अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण, बोटांची पेरं थंडीनं लाल झालेली. दुसऱ्या कानावर दुसरा हात होता.

त्या थंडीत माणसाचा हात लाल होतो. तो लाल नव्हता. त्यानं कान घट्ट धरला होता, ओझं उचलू लागणाऱ्या शेजाऱ्यासारखा.

"घ्या ना काका," फटीतून एस्बेन म्हणाला. आवाज त्याचाच होता, शांत. "जड आहे. आम्ही कधीची धरलीय."

मी टोपली ओढून घेतली. खाली ठेवली. मग दार लावलं, आणि हिवाळ्यात घालतो तो अडसर घातला.

दोघांना बाहेर येऊ देणं मला जमण्यासारखं नव्हतं, आणि त्यातून एकाला वेगळं कसं काढायचं ते मला ठाऊक नव्हतं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

आतून तीन ठोके आले. साधे, नियमाप्रमाणे. मी टोपली खांद्यावर घेतली. बाहेरचं दार उघडेपर्यंत ते येत राहिले, मध्ये उत्तरापुरती जागा सोडून.

७

बोदिलचा ताप साडेअकराला उतरला. तिला दरदरून घाम सुटला आणि तिनं पाणी मागितलं. फ्रान्सेनबाई रडल्या. मी नाही.

मग मी चार माणसं घेऊन गेलो. अडसर काढताना माळ्यांच्या मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

बर्फ उंबऱ्याला लागलं होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सपाट, कुणी पाऊल न टाकलेल्या तळ्यासारखं. शिडीची एकही पायरी दिसत नव्हती. पेंढा एका बाजूला नीट रचलेला. त्याच्यावर कुदळ आडवी ठेवलेली. एस्बेनचा कंदील आकड्याला जळत होता. ज्यातून एक टोपली बर्फ निघालं असेल असा खड्डा कुठेच नव्हता.

दोन दिवस फोडलं. सहा पायऱ्या खाली गेलो. काही नाही, नुसतं काळं बर्फ. तिसऱ्या दिवशी माणसं यायला तयार नव्हती. कारण कुणी सांगितलं नाही, प्रत्येकाच्या घरी कापणी निघाली.

"अमेरिकेच्या बोटीत बसला असेल," मुकादम म्हणाला. "लग्न जवळ आलं की असे पळतात. याच वर्षी आमच्याकडचे दोन गेले."

"असेल," मी म्हणालो.

बाहेर सगळ्यांनी तेच धरलं. मालकांनी पत्र लिहून कोपनहेगनला विचारलं, उत्तर आलं नाही. बर्फघराची किल्ली मी परत केली नाही, आणि कुणी मागितलीही नाही.

८

बोदिल उठून बसायला सप्टेंबर लागला. केस गळले होते. मी तिला काळ्या पावाची पेज करून द्यायचो. ती अर्धी खायची. एस्बेनचं तिला फ्रान्सेनबाईंनी सांगितलं, अमेरिकेचं. तिनं ऐकून घेतलं.

एका सकाळी मी वाडगा ठेवला तेव्हा ती म्हणाली, "बसा."

मी बसलो.

"तो गेला नाही कुठे. त्याचे बूट त्याच्या खोलीत आहेत. लाकडी जोड्यांत कुणी अमेरिकेला जातं का?"

मी वाडगा तिच्याकडे सरकवला.

"शेवटच्या दिवशी आत तो होता. बोळात तुम्ही होतात."

"हो."

"त्यानं ठोकलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण माझ्या मुलीला मी ओळखतो. नाही म्हटलं असतं तर त्याचे ठोके अजून यायचेत असं तिनं धरलं असतं, आणि अंगात चालण्याएवढी ताकद आली त्या दिवशी ती उत्तर द्यायला गेली असती. तिला वाचवायला मी जे केलं ते सगळं मग त्या बोळात गेलं असतं. हो म्हटलं तर राग माझ्यावर निघेल, आणि ती घरात राहील.

"ठोकलं होतं," मी म्हणालो. "मी ऐकलं."

"आणि?"

"मी बर्फ घेऊन आलो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, ओरडेल. आईवर गेली असती तर ओरडली असती. ती माझ्यावर गेली आहे.

"एकटाच होता?" तिनं विचारलं.

याचं उत्तर मी दिलं नाही. तिनं पांघरुणातून हात काढला. हाडं आणि कातडी. पलंगाच्या लाकडी कडेवर तिनं तीन ठोके मारले, ना घाईचे, ना जोराचे. आणि माझ्याकडे बघत थांबली.

माझा हात गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला.

त्याला आता नऊ वर्षं झाली. ती चालते, काम करते, माझं जेवण वाढते. माझ्याशी बोलत नाही. पण रोज सकाळी, मी टेबलापाशी बसलो की, समोरून तीन ठोके येतात, आणि मग ती थांबते. मी पाव संपवतो आणि बाहेर जातो.